आत्ताच घेतली

१

बाटली उभी होती. मला सगळ्यात आधी तेच खटकलं. का खटकलं, ते मात्र लगेच कळलं नाही.

कपडे धुण्याचा मोठा कारखाना होता. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं तिथे धुवायला यायचं. बॉयलर सांभाळणारा माणूस शुक्रवारी दुपारी साडेबाराला बॉयलरच्या खोलीत मेलेला सापडला. खोलीत उतरायला बारा पायऱ्यांचा लोखंडी जिना आहे, त्याच्या पायथ्याशी तो उताणा पडला होता. मान मोडलेली. हनुवटीवर आणि सदऱ्याच्या गळ्यावर दारू सांडलेली. हाताशी बाटली.

मी शनिवारी सकाळी पोचलो. कारखान्यात माणूस मेला की तपासाला जायचं, चार लोकांशी बोलायचं आणि एक कागद भरायचा, हे माझं काम. त्या कागदावर 'कारण' असा एक रकाना असतो. तीस वर्षं मी तो भरत आलोय. बायको गेल्यावर चार महिने रजेवर होतो, आणि रजेनंतरचं हे पहिलंच काम. ऑफिसात त्यांनी मुद्दाम सोपं बघून दिलं होतं.

"पिऊन पडला. जाऊन सही करून या," एवढंच साहेब म्हणाले.

कारखान्याच्या मालकांचंही तेच म्हणणं होतं. त्यांनी पोलिसांनी काढलेले फोटो माझ्यापुढे ठेवले.

"वीस वर्षं पीत होता हो. सगळ्यांना माहीत होतं. आम्ही माणुसकीनं ठेवला. संध्याकाळपर्यंत कागद मिळेल ना?"

मी फोटो पाहिला. बाटली मोठी होती, काचेची, आणि सरळ उभी. दोन बोटं कमी, बाकी भरलेली.

"कुणी हलवली होती का?"

"छे! पोलीस येईपर्यंत कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही."

मग मी बॉयलरच्या खोलीकडे गेलो. जिन्याच्या वरच्या टोकाला कठड्यावर हात ठेवला, तर हाताला हिरवा रंग लागला. माणूस मरून चोवीस तास झाले नव्हते आणि कठडा रंगवून तयार होता.

२

"सैल होता," मालकांनी लगेच कबूल केलं. रंगीत हात समोर धरल्यावर दुसरं काय करणार. "काल संध्याकाळी वेल्डिंग करून घेतलं. पण साहेब, तो कठड्यामुळे नाही पडला. प्यायलेला माणूस धड कठड्यावरून पण पडतो."

"ते मी बघतो. पण सैल होता हे कागदावर येणार."

मालकांचं तोंड एवढंसं झालं. मी इस्त्रीच्या विभागात गेलो.

प्रेत पहिल्यांदा तिथल्या बाईंनी पाहिलं होतं. चादरी इस्त्री करायच्या मोठ्या रुळावर त्या पंधरा वर्षं आहेत. बोलताना हात थांबत नव्हते.

"वाफ कमी झाली म्हणून बघायला गेले, तर काका असे पडलेले. घड्याळकाका म्हणायचो आम्ही त्यांना."

"घड्याळ का?"

"सकाळी सातला एक चपटी, दुपारी एकला एक, संध्याकाळी सहाला एक. कारखान्याचा भोंगा चुकेल, पण काकांची चपटी चुकायची नाही."

"मग झोकांड्या वगैरे?"

"नाव नको! झोकांड्या आमच्या मुकादमांच्या. सोमवारी बघा त्यांना, डोळे असे की चादरीवर ठेवले तर डाग पडेल. पण मुकादमांना दारुडा म्हणायचं नाही बरं का. ते शनिवारचे."

"शनिवारचे म्हणजे?"

"शनिवारी बसतात. एका बैठकीत अख्खी बाटली. एकदा गटारात सापडले, एकदा मेव्हण्याचं नाक फोडलं. तरी दारुडे कोण, तर काका. रोज घेतात ना!" बाईंनी चादर उलटली. "आम्हा बायकांना विचाराल तर दोघंही सारखेच. एक रोज थोडं घर जाळतो, एक आठवड्याचं एकदम."

"शुक्रवारी काही वेगळं वाटलं?"

"शुक्रवारीच काय, तीन दिवस काकांचं काही खरं नव्हतं. घामानं भिजलेले. आता बॉयलरपाशी घाम कुणाला दिसतो? पण शुक्रवारी सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी अर्धा सांडला. आणि बाहीवरून मुंग्या झटकत होते. मी म्हटलं, काका, मुंग्या कुठायत? तर म्हणाले, तुला दिसत नाहीत? मी हसले. म्हटलं आज जास्त झालेली दिसते."

मी वहीत 'मुंग्या' लिहिलं. पुढे काही लिहवेना. बायको गेली त्या दिवशी सकाळपासून पांघरुणावरचे दोरे वेचत होती. पांघरुणावर दोरे नव्हतेच.

"साहेब? पाणी देऊ का?"

"नको. आणखी काही?"

बाईंनी आवाज खाली आणला. "मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण बारा वाजता त्यांचा फोन वाजला. मी पलीकडच्या दारापाशी होते. मशीनच्या आवाजात एवढंच ऐकू आलं. म्हणाले, 'घेतली. आत्ताच घेतली.' स्वतःच्या तोंडानं म्हणाले. आता तुम्हीच सांगा."

मी तेही लिहून घेतलं. साक्ष पक्की होती. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. एकची चपटी घड्याळकाकांनी बाराला कशी घेतली?

३

बॉयलरपाशी एक जाड वही असते. दर तासाला वाफेचा दाब बघायचा आणि आकडा लिहून सही करायची. मी ती वही घेऊन खाली पायरीवर बसलो.

वीस वर्षं पिणाऱ्या माणसाचं अक्षर कसं असेल असं तुम्हाला वाटतं? मोत्यासारखं होतं. आकड्यांच्या रांगा सरळ, सही रोज तीच. महिन्यामागे महिने उलटले, एक खाडाखोड नाही.

मंगळवारपर्यंत.

बुधवारी दुपारी आकडे जरा हलले. गुरुवारी ओळ सोडून खाली उतरले. शुक्रवारी सकाळी तर सही म्हणजे नुसता गुंता होता, आणि बाराच्या आकड्यापाशी कागद पेनानं फाटला होता.

मालक वरून डोकावले. "बघितलंत? मी काय म्हणत होतो! हात बघा कसा थरथरतोय. चढलेली होती."

वर्षानुवर्षं रोज ठरल्या वेळी पिणाऱ्या माणसाचा हात प्यायल्यावर थरथरत नाही. प्यायला मिळालं नाही की थरथरतो. चार महिन्यांपूर्वी मला हे ठाऊक नव्हतं. आता आहे.

पण ते खरं धरलं तर दारू आली कुठून? आणि फोनवर तो कुणाला सांगत होता की आत्ताच घेतली?

वर मालकांच्या खोलीत कुणीतरी बाई आली आहे असा निरोप आला. मेलेल्या माणसाची मुलगी.

४

तिला आठवा महिना असावा. खुर्चीच्या कडेवर बसली होती. समोर टेबलावर ती बाटली होती, पोलिसांनी चिठ्ठी लावून ठेवलेली. बाटलीकडे ती बघत नव्हती.

"मला बाकी काही नको," ती म्हणाली. "एवढंच सांगा, बाबा प्यायले होते का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? सगळं गाव सांगतंय. मला तर त्यांनी शब्द दिला होता." तिनं ओढणीच्या टोकाला पीळ दिला. "मंगळवारी मी भांडले. म्हटलं, माझ्या बाळाला तुमच्या तोंडाचा हा वास नको. सोडणार असाल तर मांडीवर देईन, नाहीतर लांबूनच बघायचं. असं बोलायला नको होतं. पण आई त्या वासातच गेली, मी त्या वासात वाढले. पुरे झालं म्हटलं. तर म्हणाले, बुधवारपासून बंद. थेंब नाही."

"आणि?"

"तीन दिवस बंद होती. मला तरी तसं वाटत होतं. मी सारखा फोन करायचे. शुक्रवारी बारालाही केला."

मी वही उघडली. "बाराला? काय बोलणं झालं?"

"रोजचंच. मी विचारलं, घेतली का? ते म्हणाले, घेतली, आत्ताच घेतली."

मालकांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. मी तिला विचारलं, "काय घेतली?"

ती गोंधळली. "गोळी. दुसरं काय? औषधाच्या दुकानदारानं दिलेली, लिव्हरची. सकाळी एक आणि दुपारी जेवणाआधी एक."

आपल्याकडे माणूस गोळी घेतो तेव्हाही घेतली म्हणतो आणि दारू घेतो तेव्हाही. वीस वर्षं ज्यानं दारूच घेतली, त्याच्या तोंडून लोकांना दुसरं काही ऐकूच येत नाही.

काकांच्या खिशातल्या वस्तू एका पाकिटात होत्या. मी पाकीट टेबलावर रिकामं केलं. किल्ली, पेन, फोन, गोळ्यांची पट्टी. दहातली सहा खणं फुटलेली होती. बुधवारच्या दोन, गुरुवारच्या दोन, शुक्रवारी सकाळची आणि दुपारची.

"मग ही बाटली?" तिनं आता पहिल्यांदा तिकडे पाहिलं. "ही कशी आली?"

मी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. रक्ताचा अहवाल यायला महिना लागेल, म्हणाले. मी विचारलं, पोटात काय होतं?

"तेच मला विचित्र वाटलं," डॉक्टर म्हणाले. "तोंडात दारू आहे. पोटात वाससुद्धा नाही. आणि जीभ एका कडेनं चावलेली. आधी वाटलं पडताना चावली असेल."

मी फोन ठेवला. "मुकादमांना बोलवा," मी मालकांना सांगितलं. "आणि तुम्ही दोघंही जरा बाहेर बसा."

५

मुकादम पन्नाशीचा, अंगानं भरलेला माणूस. दारातूनच बोलत आला.

"काय साहेब, अजून चाललंय? घड्याळ बंद पडलं, दुसरं काय."

"बसा."

"नाही, उभाच बरा."

"म्हणजे खुर्चीवर बसा म्हणतोय. शनिवारचं बसणं नाही."

तो कसंनुसं हसला. "इस्त्रीवालीनं सांगितलं वाटतं. मी पीत नाही हो साहेब. शनिवारी बसतो तेवढंच."

"बसणं म्हणजे पिणं नाही?"

"पिणं म्हणजे रोजचं. बसणं म्हणजे... बसणं."

"बरं. आज शनिवार. आज कुठे बसणार?"

"आज नाही. आज मन नाही."

"बाटली कधी आणता? शनिवारी दुकानावर गर्दी असेल."

"आदल्या..." तो थांबला.

"आदल्या दिवशी. शुक्रवारी सकाळी. मग आजची बाटली कुठाय, मुकादम? तुमचं कपाट उघडून बघू या का?"

तो खुर्चीवर बसला.

मी टेबलावरच्या बाटलीकडे बोट केलं. "ही रोजच्या माणसाची बाटली नाही. रोजचा माणूस चपटी घेतो. ती खिशात मावते, पटकन संपते, फेकून देता येते. मोठी बाटली असते ती बैठकीची, आठवड्याला एकदाच पिणाऱ्याची. आणि ती उभी होती. बारा पायऱ्या माणसाबरोबर ती पडली असती तर तिचे तुकडे झाले असते. कुणीतरी नंतर आणून ठेवली. काकांच्या तोंडात ओतली, पण ते गिळू शकले नाहीत."

मुकादमानं आपल्या हातांकडे पाहिलं.

"मी मारलं नाही साहेब त्याला."

"माहीत आहे. काय झालं ते सांगा."

"अकरा वाजता तो मला म्हणाला, भिंत हलतेय. त्याचे हात बघवत नव्हते. मी म्हटलं, येड्या, दोन घोट घे. आमच्या बापाला मी असंच बघितलंय. नाही मिळाली की असं व्हायचं, दोन घोटांनी बसायचं. तर म्हणाला, पोरीला शब्द दिलाय. मी म्हटलं, पोरीला कोण सांगतंय? नाहीच म्हणाला. मग माझ्या जेवणाच्या सुट्टीत मीच बाटली घेऊन खालच्या, मागच्या दारानं गेलो. म्हटलं, जबरदस्तीनं पाजतो. मी आत शिरलो तेव्हा तो जिन्याच्या वरच्या पायरीवर होता. आणि एकदम ताठ झाला. लाकडासारखा. कठड्याला हातसुद्धा लावला नाही हो. तसाच खाली आला. पडल्यावरही थोडा वेळ अंग झटके देत होतं. मला काय सुचणार? उताणा केला, बूच काढलं आणि तोंडात ओतली. मग शांत झाला. मला वाटलं, बरं वाटलं त्याला."

त्यानं तोंड पुसलं.

"वरून इस्त्रीवालीची चाहूल लागली. मी पळालो. बाटली राहिली."

"आणि सगळे म्हणाले पिऊन पडला, तेव्हा गप्प बसलात."

"बॉयलरपाशी दारू नेली म्हणून घरी बसवलं असतं. आणि वाटलं, त्याचं नाव काय, ते तर आधीपासूनच..."

मी त्याच्यावर ओरडलो नाही. तशी ताकद राहिली नव्हती. त्या तीन दिवसांत सगळे घड्याळकाकांकडे बघत होते. काहीतरी बिघडलंय हे एकट्या याला ओळखू आलं होतं, आणि त्याचं औषधही चुकीचं. गरज डॉक्टरांची होती.

जबाबावर त्याची सही घेतली. वाफेच्या वहीतल्या शुक्रवारच्या सहीसारखीच वेडीवाकडी आली.

६

काम संपलं होतं. फक्त मुलीला सांगायचं राहिलं होतं.

ती थांबून थांबून वडिलांच्या घरी गेली होती. जाता जाता मालकांना मी काय ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिला एवढंच सांगा ना, प्यायले नव्हते म्हणून. बाकी कशाला?"

रस्ताभर मीही तेच घोळवत होतो. काका प्यायले नव्हते, हे ऐकून ती आधी रडेल आणि मग हलकी होईल. मग एक दिवस विचारेल, प्यायले नव्हते तर पडले कसे? तेव्हा उत्तर द्यायला कुणी नसेल, आणि नको ते उत्तर ती स्वतःच शोधेल.

काकांचं घर म्हणजे एकच खोली होती, पुढे छोटंसं स्वयंपाकघर. दोरीवर मऊ पांढऱ्या कापडाचे चौकोन वाळत होते.

"बाबांनी केले," ती म्हणाली. "कारखान्यातल्या जुन्या चादरींचे. या तीन दिवसांत. फोनवर म्हणाले झोप येत नाही, म्हणून बसून शिवले. टाके बघा कसे गेलेत."

मी दारातच उभा राहिलो. आधी बाटली कुणाची ते सांगितलं. मग म्हणालो, "तुमच्या बाबांनी शब्द पाळला. बुधवारपासून थेंब घेतला नव्हता."

तिनं डोळे मिटले. मी वाट पाहिली. मग तो प्रश्न आलाच, मला वाटलं त्याहून लवकर.

"मग पडले कसे?"

"वर्षानुवर्षं रोज जास्त पिणाऱ्या माणसाचं शरीर दारूवर चाललेलं असतं. एकदम बंद केली की ते बिथरतं. हात थरथरतात, नसलेलं दिसतं, झटका येतो. दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तशी सोडली की माणसं वाचतात. घरच्या घरी, एका दिवसात सोडली की कधीकधी असं होतं."

"म्हणजे मी सांगितलं म्हणून."

"तुम्ही सोडा म्हणालात. ते बरोबरच होतं. ते पीत राहिले असते तरी दारूनं त्यांना सोडलं नसतं. कशी सोडायची ते तुम्हाला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. गोळ्या विकणाऱ्या दुकानदारानंही सांगितलं नाही."

"तुम्हाला बरं माहीत!" ती एकदम चिडून म्हणाली. "तुम्हाला कसं माहीत?"

हा प्रश्न मला चार महिन्यांत कुणी विचारला नव्हता. लोकांना मी हार्ट अटॅक सांगितलं होतं. डॉक्टर दुसरंच काही लिहिणार होते, तर मी हात जोडले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मरणाचं कारण नीट लिहिणाऱ्या माणसानं घरातलं एक खोटं लिहवून घेतलं.

"माझी बायको प्यायची," मी म्हणालो. "कुणाला माहीत नव्हतं. मलाही नाही. शिलाई मशीनच्या खणात, औषधाच्या बाटल्यांत भरून ठेवायची. दिवसभर थोडी थोडी. कधी तोल गेला नाही, कधी आवाज चढला नाही. एक दिवस मला खण उघडा सापडला. मी एकेक बाटली तिच्यादेखत मोरीत ओतली. ती नको नको म्हणत होती. मला वाटलं, दारूसाठी म्हणते. तीन दिवस मी तिला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मोठा पराक्रम केल्यासारखा पहारा देत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी ती पांघरुणावरचे दोरे वेचायला लागली."



ती दोरीपाशी गेली. एक कापड काढून घडी घातली, मग दुसरं. पोटामुळे तिला वाकायला त्रास होत होता, म्हणून वरचेच काढत होती.

"कागदावर काय लिहिणार?"

मी कागद दाखवला. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं होतं: मयतानं तीन दिवसांपूर्वी दारू बंद केली होती. एकदम बंद केल्यानं झटका आला व जिन्यावरून पडला. मृत्यूसमयी प्यायलेला नव्हता. कठडा सैल होता, परंतु पडण्याचं कारण तो नव्हे.

तिनं दोनदा वाचलं. 'प्यायलेला नव्हता' वर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचलं.

"आणि त्यांच्या कागदावर?" तिनं विचारलं. "तुमच्या बायकोच्या?"

"तो बदलून घ्यायचाय. सोमवारी जाईन."

खालच्या दोरीवर दोन चौकोन राहिले होते. मी आत जाऊन ते काढले आणि तिच्या हातात दिले. तिनं घडी घालून वर ठेवले. मग भिंतीकडची खुर्ची ओढून माझ्यापुढे केली.

"बसा," ती म्हणाली. "केव्हाचे उभे आहात."